उदासी मोजणारी प्रश्नावली

मी एक प्रश्नावली बोलतेय. मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की मला भरणारी माणसं शेजारच्याच्या कागदात डोकावत होती.

तसं माझं काम साधं. गेल्या पंधरा दिवसांत झोप उडाली का, भूक मंदावली का, रडू आलं का, असं मी विचारते. ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत चौकटी असतात, त्यांत खूण करायची. बेरीज जितकी जास्त, तितकं मन जड.

पुण्यातल्या एका कॉलेजात भाग्यश्री मॅडमनी मला इंग्रजीतून मराठीत आणलं. ‘खिन्न’ लिहायचं की ‘उदास’, यावर स्टाफरूममध्ये चहावर चहा झाले. झेरॉक्सचा उजेड अंगावरून सरकला तेव्हा मी इतकी घाबरले, की विचारू नका. स्टेपलरच्या खटक्याला तर अजून दचकते.

पुढे हिंजवडीच्या एका कंपनीत माझ्या प्रती सगळ्यांना वाटल्या, त्याही नेमक्या अप्रेझलच्या, म्हणजे पगारवाढ ठरायच्या महिन्यात. नाव लिहायचं नव्हतं, पण विश्वास कोण ठेवणार?

“सुदर्शन, काय टाकलंस?”

“सगळ्याला कधीच नाही.”

“झोपेलासुद्धा? काल मीटिंगमध्ये घोरत होतास.”

“म्हणजे झोप उत्तम ना.”

इतकी सुखी माणसं मी फक्त टूथपेस्टच्या जाहिरातीत पाहिली होती.

माझी एक प्रत त्याच कंपनीतल्या प्रियदर्शनीनं घरी नेली. ही यवतमाळची मुलगी, कर्वेनगरला दुर्गाबाईंकडे पेइंग गेस्ट. जेवणाच्या टेबलावर तिनंही पेन्सिलीनं ‘कधीच नाही’ची रांग ओढली. माझा जीव खालीवर. हिनंही खोटं लिहिलं, तर हिचं दुःख हिच्यापाशीच राहणार.

मटार सोलता सोलता दुर्गाबाईंनी चष्मा लावला.

“भूक मंदावली, कधीच नाही? अगं, तुझा डबा रोज अर्धा परत येतो. खातं कोण? माझं वजन बघ.”

“काकू, हे ऑफिसचं आहे.”

“पोट ऑफिसचं आहे का? आणि झोप? तुझ्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत चालू असतो. लाइट बिलाबद्दल बोलत नाहीये मी.”

पुण्यात याला माया म्हणतात.

प्रियदर्शनीनं खोडरबर घेतलं. मला गुदगुल्या झाल्या. खुणा एकेक करून उजवीकडे सरकल्या. रडण्याच्या प्रश्नाशी पेन्सिल थांबली.

“तुम्ही बघू नका, काकू.”

“मी मटार बघतेय.”

तिनं शेवटच्या चौकटीत खूण केली. बेरीज बरीच झाली.

मी नुसती मोजते हो. पुढचं माणसाशीच बोलावं लागतं, म्हणून तर माझ्या तळाशी समुपदेशन केंद्राचा फोन नंबर आहे. एवढीच विनंती, मला परीक्षेचा पेपर समजू नका. माझ्यात कुणी पास-नापास होत नाही.

तिनं नंबर फिरवला. कुणी उचलेना.

“जाऊ दे, कामात असतील.”

“परत लाव. गॅसवाल्याला किती वेळा लावतो आपण?”

पुन्हा रिंग सुरू झाली. तिच्या मुठीत मी चुरगळत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. काकूंचे हात मटारावर थबकले.

पलीकडून एका बाईंचा आवाज आला, “हॅलो, सांगा. ऐकतेय मी.”