सात बिळं आणि मोरी

ड्रिलमास्तरांनी जन्मभर पोरांना सरळ रांगेत उभं केलं. एका घुशीनं त्यांच्या बागेतली रांग चार दिवसांत उधळली. फुलांच्या प्रदर्शनात शेजारच्या चष्मेवाल्याची जिरवायची म्हणून त्यांनी काळ्या-तांबड्या ग्लॅडिओलसचे वीस कंद लावले होते. अकरा गेले. उरलेले नऊ त्यांनी उकरून कुंड्यांत घातले आणि कुंड्या मोरीत आणून ठेवल्या.

मग ओली माती आणि काचा ठासून बागेतली घुशीची सातही बिळं बुजवली.

"दोन तरी उघडी ठेवा, अहो," बायको म्हणाली. ती माळ्याची लेक. "एका तोंडाशी धूर, दुसऱ्याशी फावडं. आमचे आप्पा असंच मारायचे. सगळीकडून कोंडलीत तर ती कुठूनही वाट काढेल."

"मरू दे गुदमरून! आप्पांना शिस्त ठाऊक नव्हती."

सकाळी मोरीत खडखडाट झाला. सांडपाण्याची जाळी उचकटलेली आणि मांजराएवढी घूस कुंडीवर बसलेली. मास्तर फावडं घेऊन आत शिरले आणि, सवयच ती, दाराला कडी घातली.

कोंडलेली घूस पळत नसते. ती थेट पोटरीला डसली. मास्तरांनी बोंब ठोकली. फावडं फिरलं: नळ, आरसा, कुंडी, कुंडी, आणखी कुंडी. दात सुटेनात, तेव्हा त्यांनी तिला पायासकट भिंतीवर आपटलं. भिंत लाल होईतो आपटलं.

कडी निघाली तेव्हा नऊ कंदांचा चिखल झाला होता.

बायकोनं घूस शेपटीनं उचलली. "पाजती होती हो. बिळात पिलं असतील."

"दाखवतोच त्यांना!"

"अहो, पाय तरी बांधू द्या!"

ऐकतंय कोण! लंगडत जाऊन मास्तरांनी बिळं फोडली. हातभर खाली मऊ गवत लागलं, त्यात काहीतरी चिवचिवलं. मास्तरांनी फावडं डोक्यावर घेतलं. "एक-दोन! एक-दोन!" चौथ्या घावाला चिवचिव थांबली, फावडं बऱ्याच वेळानं.

बायकोनं गवत बाजूला सारलं. पिलांच्या लगद्याभोवती अकरा कंद होते, वाण्यानं रचावेत तसे रचलेले. दाताची खूण एकावरही नव्हती. खुणा होत्या त्या फावड्याच्या. अकराही कंद उभे चिरलेले.

"काय मास्तर," कुंपणावरून चष्मेवाला डोकावला, "सापडली का घूस?"

मास्तरांनी हातातला अर्धा कंद मुठीत झाकला. पोटरीचं रक्त चपलेत उतरत होतं.

"खानदानासकट."

"वा! मग यंदा कप तुमचाच की."