भैरीच्या वाट्याचा मध

माझ्या बोलण्याला आमच्या घरात कवडीची किंमत नव्हती, म्हणून मी देवाला मध्ये घातलं. खोटं बोलले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. मध सोसायटीच्या माणसानं गोठ्यामागे मधमाश्यांची पेटी ठेवली आणि सगळं मलाच शिकवलं, कारण पुरुषांपैकी ऐकायला कुणी थांबलंच नाही. पेटीच्या वरच्या मजल्यावरचा मध आपला. खालच्या मजल्यावर राणी अंडी घालते, पिल्लं वाढतात, तिथला मध माश्यांचा. पावसात रानात फूल नसतं, तेव्हा त्या त्यावरच जगतात. हे मी घरात कितीदा घोकलं. माझा दीर मोरू मान डोलवायचा. भर श्रावणात त्यानं खालची पोळी काढली आणि रानातली पिळतात तशी पिल्लांसकट पिळली. उपाशी माश्या पेटी सोडून गेल्या.

"माश्याच त्या. दुसऱ्या येतील," माझे सासरे नाथूमामंजी म्हणाले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या आल्या, पण या गेल्या तर पेटी उचलून नेणार, असं सोसायटीच्या माणसानं बजावलं. मग एकदा चुलीपुढे मी सांगून टाकलं की आपला गावदेव भैरी स्वप्नात आला, खालचा मध माझा म्हणाला. झालं. मोरूचा हात आवरला. मामंजी पेटीला रोज फूल वाहू लागले. पावसाळाभर कुणी बोट लावलं नाही आणि माश्या जगल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला.

फाल्गुनात रान फुललं. माश्यांनी वरचा मजला भरला, मग खालचाही मधानं भरून टाकला. राणीला अंडी घालायला जागा उरेना. पोळ्याच्या कडेला नव्या राण्यांची घरं लोंबू लागली, म्हणजे आता जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडणार. मधाच्या दोन चौकटी काढून रिकाम्या घालायच्या, नवी घरं मोडायची, एवढंच काम. मी सुरी घेऊन गेले, तर मामंजी काठी आडवी धरून उभे.

"तो मध भैरीचा हाय."

"मामंजी, आता जास्त झालाय. राणीला जागा नाय."

"देवाचा मध कवा जास्त व्हतो काय?"

माझं डोकं फिरलं. "देव नव्हताच. सपान मी रचलं. तवा मीच सांगितलं, आता बी मीच सांगते."

ते हसले. "तुला येवढी अक्कल असती तर पयल्या माश्या कशाला गेल्या असत्या? देवच बोलला गो."

हे मोरूच्या देखत. मी काठी हिसकून फेकली. धुरी द्यायलाही थांबले नाही. माश्या मनगटाला डसत होत्या, तशातच चौकटी बदलल्या, राण्यांची घरं मोडली, आणि देवाच्या मधाचा एक तुकडा मामंजींच्या डोळ्यांदेखत चावून खाल्ला. मेण थुंकून टाकलं. हात सुजून भाकरीएवढा झाला. बापलेकांनी तो देवाचा कोप ठरवला.

माश्या राहिल्या. राणी नव्या चौकटीत अंडी घालू लागली. तर मामंजी वाडीभर सांगत सुटले की भैरीनं सुनेला माफ केलं.

"मग आता पेटीचं समदं भैरीलाच इचारा," मी म्हटलं. "मी सांगनार नाय."

आषाढात पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्या दिसू लागल्या. पावसात म्हाताऱ्या माश्या मरतातच. मी रोज पेटी जरा उचलून वजन बघत होते, आत मध पुरेसा होता. पण बोलले नाही. मामंजींनी भैरीला कौल लावला. एकदा फूल उजवीकडून पडलं, एकदा डावीकडून. ते भिजत घरी आले आणि चुलीजवळ उभे राहिले.

"भैरी काय धड सांगत नाय."

मी भाकरी थापत होते.

"अंबू, तू काय म्हनतेस?"

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर फुगू दिली. ते उभेच होते. मग मी तोंड उघडलं.