तुकडी, थांब!

माझा आवाज मोठा आहे, हे मान्य. एकतीस वर्षं लष्करात कवायत शिकवली. ती काय कुजबुजत शिकवायची? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मी बायकोकडे मीठ मागितलं की शेजारचा दचकतो. गल्लीत मला उस्ताद म्हणतात. माझ्या तापट डोक्याला काय म्हणतात, ते मी विचारायला जात नाही.

मुलगी मात्र आईवर गेली. हळू बोलते. घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो, आणि ही चिमणी गेल्या वर्षी लेफ्टनंट झाली. म्हणजे बापाच्या वर. मी जन्मभर ज्यांना सलाम ठोकले, त्यांच्या रांगेत जाऊन बसली! तेव्हापासून मला आकाश ठेंगणं झालं होतं.

त्या दिवशी तिची सुट्टी संपली. दुपारी छावणीत हजर व्हायचं, म्हणून ती वर्दीतच निघाली. मी सोबत, एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात छत्री. ढगाचा पत्ता नव्हता, पण बायकोचा हुकूम. बस पालिकेच्या कचेरीसमोरून सुटते. तिथे पायऱ्यांवर पन्नासेक माणसं बसली होती. खालच्या वस्तीतला दवाखाना सरकारने बंद केला होता, त्याचा निषेध चालला होता. आम्ही रस्त्याच्या अलीकडे थांबलो.

त्यांच्यातून खालच्या वस्तीचा वायरमन उठला. कमरेला पक्कड, हनुवटीवर चार दिवसांची दाढी. त्याने पिशवीतून देशाचा झेंडा काढला, पायरीवर पसरला, बाटलीतलं रॉकेल ओतलं आणि काडी ओढली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅग टाकली आणि ओरडलो, "सोडू नका त्याला!" माझा आवाज, म्हणजे अर्ध्या शहराने ऐकला. फळवाला तागडीतलं वजन घेऊन धावला, टॅक्सीवाले धावले, कोण कुठले पंधरा-वीस जण माझ्या मागे झाले. उस्तादच पुढे आहेत म्हटल्यावर त्यांनाही चेव आला. मी छत्री उगारून सर्वांत पुढे.

आणि मागून हाक आली, "तुकडीऽऽऽ, थांब!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कवायतीच्या हुकमाचे दोन भाग असतात. पहिला शब्द लांबवायचा, म्हणजे अंग तयार होतं. दुसरा तोडायचा, म्हणजे पाय आपटतात. मधे डोक्याला कुणी विचारत नाही. चार हजार पोरांच्या पायांत मी हेच भिनवलं, आणि माझ्या स्वतःच्या पायांत ते कधीचंच मुरलेलं. एक, दोन! माझ्या चपला रस्त्यावर आपटल्या, छत्री बंदुकीसारखी अंगाला चिकटली, आणि मी भर चौकात ताठ उभा. फळवाला माझ्या पाठीवर आदळला, त्याच्यावर टॅक्सीवाला. पायऱ्यांवरची एक म्हातारी फिस्सकन हसली.

चिमणी आम्हाला वळसा घालून पुढे गेली आणि उभी राहिली. वायरमनकडे पाठ, आमच्याकडे तोंड. हात मोकळे.

"मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा," फळवाला म्हणाला. "याचं काय करायचं ते आम्ही बघतो."

"म्हणूनच नाही म्हणते," ती म्हणाली. पुन्हा आपल्या हळू आवाजात. "माझ्या अंगावर वर्दी आहे. मी हात उगारला तर तो सैन्याचा हात होतो. सैन्याचा हात आपल्याच माणसावर उगारायचा नसतो."

"आणि झेंडा?" मी ओरडलो. "तो जळतोय, दिसत नाही तुला?"

"दिसतोय, बाबा." तिने एकदा मागे पाहिलं आणि पुन्हा आमच्याकडे वळली. "गेल्या महिन्यात माझ्या तुकडीतल्या सोबत्याच्या शवपेटीवरून मी तो उचलला. माझ्या हातांनी घडी करून त्याच्या आईला दिला. तुमच्यापेक्षा मला कमी लागतंय का?"

मी एक पाऊल मागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

मग ती वायरमनला म्हणाली, "दादा, तुम्ही केलंत ते मला मुळीच पटलेलं नाही. पण तुम्हाला इथे कुणी हात लावणार नाही."

वायरमन तिच्याकडे बघतच राहिला. "बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात नेलं," तो म्हणाला. "दाराला कुलूप. वर हा फडकत होता. दवाखाना नेला आणि झेंडा ठेवला. मोठ्या इस्पितळाच्या वाटेतच ती गेली हो, ताई." आणि तो राखेशेजारी मटकन बसला.

माझी छत्री खाली आली. झेंडा जाळणं तेव्हाही चूकच वाटत होतं, आजही वाटतं. पण डोक्यातली आग कुठे गेली कळलं नाही, आणि तिच्या जागी लाज येऊन बसली. बसही केव्हाच निघून गेली होती.

तेवढ्यात पोलीस हवालदार आला. वही काढून म्हणाला, "काय झालं?"

"हा उस्तादांच्या अंगावर धावून आला!" फळवाला बेधडक बोलला. "आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. झेंड्याचं जे असेल ते कायदा बघेल, पण निवृत्त सैनिकावर हल्ला म्हणजे तो वायरमन आयुष्यातून उठला असता. हवालदाराने मला विचारलं, "खरं का?"

चिमणी माझ्याकडे बघत होती. साधं खुणावलंही नाही तिने.

"खोटं," मी म्हणालो. "धावून मी गेलो. लोकांना चिथावलं ते मी. त्याच्या हातात काही नव्हतं, माझ्या हातात छत्री होती. पहिलं नाव माझं लिहा."

फळवाल्याने कपाळाला हात लावला. हवालदार लिहिता लिहिता थबकला. "मग मारलं का नाहीत? अडवलं कुणी?"

"लेफ्टनंटसाहेबांनी," मी म्हणालो, आणि माझा हा एवढा आवाज ऐन वेळी चिरकला. "माझी मुलगी आहे. तेही लिहा."