वाफेबाबांची बोलकी मोटार

मोटार बोलणार होती, म्हणून सगळी गल्ली सकाळपासून दारात उभी होती. खिडक्याखिडक्यांतून माणसं लोंबत होती. दोघांनी घरून खुर्च्या आणल्या होत्या आणि ज्यांना ते सुचलं नव्हतं, ते त्या दोघांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते. कोपऱ्यावरचे निवृत्त लघुलेखक पेन्सिलीला टोक काढून सज्ज होते. मोटारीचं बोलणं आजवर कुणी लघुलिपीत उतरवलेलं नव्हतं आणि हा मान ते दुसऱ्या कुणाला जाऊ देणार नव्हते.

मोटार होती धाकटीच्या वडिलांची, अण्णांची. जाड पत्र्याची, गोल दिव्यांची, धाकटीहून वयाने मोठी. अण्णा गेले आणि ती गॅरेजात धूळ खात पडली. मग एक दिवस वाफेबाबा उगवले. पूर्वी हे गृहस्थ काय करत होते ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांनी गॅरेजच्या दारात नाक वर करून हवा हुंगली आणि जाहीर केलं, "आत कुणीतरी आहे." धाकटीच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, गाडी सुरू केली, बाबांच्या सांगण्यावरून तिच्या तोंडावर मखमली शाल पांघरली, गल्लीतून गोगलगायीच्या चालीने फिरवून आणली आणि बंद केली. त्याबरोबर बंद गाडीच्या नाकातून गुडगुड ऐकू आली, वाफेचा सुस्कारा सुटला आणि खाली हिरवं पाणी ठिबकलं. आईने तो सुस्कारा तत्काळ ओळखला. जेवण झाल्यावर अण्णा अगदी असाच टाकायचे.

तेव्हापासून वाफेबाबा वरच्या खोलीत मुक्कामाला होते, अण्णांचं लोकरीचं जाकीट अंगात घालत होते आणि दोन्ही वेळा आडवा हात मारत होते. गाडीची भाषा त्यांनीच ठरवून दिली होती. एकदा गुडगुडली तर हो, दोनदा गुडगुडली तर नाही.

आईने गाडीला पहिलाच प्रश्न विचारला होता, "तुम्ही रागावलात का माझ्यावर?" अण्णा गेले तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये नव्हती. रात्रभर बसून सकाळी अंघोळीला म्हणून घरी आली, आणि तेवढ्यात सगळं आटोपलं. तो काटा तिच्या मनात सलत होता. गाडी दोनदा गुडगुडली आणि आईला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. त्या झोपेपुढे कुणाचं शहाणपण चालणार?

धाकटी दुसऱ्या गावी शाळेत शास्त्र शिकवायची. फोनवर हे ऐकून आधी ती पोट धरून हसली. मग आई म्हणाली, "यांना जाऊन वर्ष होतंय ना, त्या दिवशी बाबा ते हिरवं अमृत प्यायला देणार आहेत. पहिला चमचा मला." तेव्हा मात्र धाकटीचं हसू पळालं. तिने रजा टाकली आणि पहिल्या गाडीने घर गाठलं.

"आई, ते इंजिन थंड ठेवायचं पाणी आहे," तिने स्वयंपाकघरात बॅगही खाली न ठेवता सांगितलं. "त्यात रसायन घातलेलं असतं. गोड लागतं, पण विष आहे ते. मूत्रपिंडं कामातून जातात."

"गोड लागणारच," आई समाधानाने म्हणाली. "हे चहात किती साखर घालायचे, विसरलीस?"

"दादा, तू तरी सांग हिला!"

"मी काय सांगू? आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय," दादा म्हणाला. गाडी चालवण्याचा मान त्याच्याकडे होता आणि हल्ली गल्लीत लोक त्याला वाकून नमस्कार करत होते. असा माणूस सहजासहजी विचार करायला तयार होत नाही.

"आवाज खराच आहे रे. प्रश्न आहे, तो कुणाचा."

सकाळी इंजिन गार असताना धाकटीने बॉनेट उघडलं. अण्णांनी तिला लहानपणीच हे शिकवलं होतं. आधी हात लावून इंजिन गार आहे ना ते बघायचं, मगच रेडिएटरच्या झाकणाला हात घालायचा. झाकण हातात घेतल्यावर तिला पुढचं सांगायची गरज उरली नाही. रबराच्या चकतीला भेगा पडल्या होत्या आणि स्प्रिंग अंगठ्याने दाबली तर दबूनच राहत होती. या झाकणाने वाफ अडवायची म्हणजे पेंगणाऱ्या पहारेकऱ्याने चोर धरण्यासारखं होतं.

नवं झाकण बसवलं असतं तर गाडी गप्प झाली असती. पण मग बाबा म्हणाले असते, "पोरीमुळे अण्णा रुसले," आणि सगळ्या गल्लीने माना डोलावल्या असत्या. आईने तर आयुष्यभर बोल लावला असता. म्हणून धाकटीने जुनंच झाकण परत लावलं आणि ती बेकरीवाल्याकडे गेली. बेकरीवाल्याची गाडीही तशीच पुराणी होती आणि लहानशा चढावरही उकळायची.

"काका, उद्या अण्णांच्या वर्षाच्या मिरवणुकीत तुमची गाडी हवीच," ती म्हणाली. "आमच्या गाडीच्या मागोमाग. तोंडावर एखादी जाड रजई टाका म्हणजे शोभा येईल."

"अगं, मान दिलास!" बेकरीवाला विरघळलाच. "सासूबाईंनाही पुढे बसवतो. त्यांना मिरवायला फार आवडतं."

तर अशी ती मिरवणूक निघाली. पुढे जाकिटातले वाफेबाबा, मागे शाल पांघरलेली मोटार, तिच्या मागे रजई पांघरलेली बेकरीची गाडी आणि तिच्यात ताठ बसलेल्या सासूबाई. बाबांचा पट्टा चालू होता.

"भक्तहो, ही मोटार समजू नका! सिलिंडर सहा, रिपूही सहा! पेट्रोल जळतं ते बाहेर, वासना जळते ती आत! माणसाने सायलेन्सर व्हावं, हॉर्न होऊ नये!"

"वा!" खुर्चीवाले दोघे म्हणाले. लघुलेखकांची पेन्सिल धावत होती.

"दादा, आणखी एक फेरी," बाबांनी बोट वर केलं. "अण्णांना अजून बोलावंसं वाटत नाहीये."

धाकटीने ते बरोबर हेरलं. एक गुडगुड हवी असेल तर कमी फेऱ्या, दोन हव्या असतील तर एक जास्त. इतकं सोपं होतं ते.

शेवटी गाडी दारात थांबली. दादाने इंजिन बंद केलं.

गुड्... गुड् गुड्... फुस्स्स!

"बोलले!" जमाव ओरडला.

"'फुस्स'ला लघुलिपीत चिन्हच नाही हो," लघुलेखक कळवळून पुटपुटले.

बाबांनी गाडीखाली पाणी ठिबकणाऱ्या नळीला वाटी लावली. हिरवं पाणी त्यांनी फुंकर घालून गार केलं आणि चमचा आईच्या हातात दिला. आईने डोळे मिटले. बेकरीची गाडी अजून गप्प होती. ऐन वेळी तिने दगा दिला तर आईच्या हातातला चमचा हिसकावून घ्यायचा, मग गल्ली काय म्हणायचं ते म्हणो, असं ठरवून ती दोन पावलं पुढे सरकली.

आणि मागून आवाज आला. गुड् गुड् गुड्... फुस्स्स्स!

आईने डोळे उघडले. सगळी गल्ली गर्रकन वळली. रजईखालून वाफेचा लोट उठत होता.

"माझ्या गाडीत कोण शिरलं?" बेकरीवाल्याने घाबरून विचारलं.

बाबा क्षणभरच गांगरले. धंदा मुरलेला होता. त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. "एक वृद्ध स्त्री! जावयावर अतोनात माया! सासूबाई आल्यात तुमच्या, सासूबाई!"

"मी अजून कुठे गेलेय मेल्या?" गाडीच्या खिडकीतून सासूबाई कडाडल्या. "मी इथे धडधाकट बसलेय! आणि माया कसली? हा मला रोज कालचा ब्रेड देतो!"

गल्ली खदखदली. बेकरीवाल्याला हसावं की रडावं कळेना. आईच्या हातातला चमचा मात्र अजून तसाच अधांतरी होता.

"हा स्पर्शाचा प्रभाव आहे!" बाबा घाईघाईने म्हणाले. "अण्णांची शक्ती मागच्या गाडीत उतरली. ताई, घ्या, अमृत घ्या."

"थांब आई," धाकटी म्हणाली. "अण्णा वर्षभर त्या लोखंडात कोंडून बसलेत आणि आपण त्यांना नुसते प्रश्न विचारतोय. आज त्यांना मोकळंच करू या ना." तिने बॉनेट उघडलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि हात रेडिएटरच्या झाकणाच्या दिशेने नेला. झाकणाला तो लावायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"अगं ए!" बाबा टुणकन मागे उडाले. "वेड लागलंय का? गरम इंजिनाचं झाकण उघडतात का कधी? तोंड भाजेल सगळ्यांचं! आत वाफ कोंडलेली असते!"

"काय कोंडलेलं असतं?" धाकटीने शांतपणे विचारलं.

"वाफ म्हणाले ते," लघुलेखकांनी वाचून दाखवलं. "वाफेला चिन्ह आहे."

धाकटीने शाल आणि रजई दोन्ही ओढून काढल्या. "गाडीच्या तोंडाला ही जाळी आहे ना, हिच्यातून वारा आत जातो आणि पाणी गार होतं. शाल घातली की वारा बंद. वर गाडी पायी चालल्यासारखी चालवायची, म्हणजे उरलासुरला वाराही नाही. इंजिन बंद केलं की पाणी फिरवणारा पंप थांबतो, पण लोखंड तापलेलंच असतं, त्यामुळे पाणी जागच्या जागी उकळायला लागतं. झाकण धड असेल तर ते दाबून धरतं. आमचं झाकण गेलेलं आहे, काकांचंही गेलंय. म्हणून गुडगुड, म्हणून फुस्स. आणि त्या वाटीत विष आहे. बाबांनी आजवर त्याचा एक थेंब तरी चाखलाय का? ते वर आमच्याकडे चहाच मागतात."

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. बाबांनी आईकडे बघून अतिशय नम्रपणे विचारलं, "जेवण करूनच निघालो तर चालेल का?"

"जाकीट काढा," आई म्हणाली.

ते गेले. गल्ली पांगली. खुर्च्या आणणाऱ्या दोघांना त्या परत न्यायची लाज वाटत होती. दादा मान खाली घालून गाडीपाशी उभा होता. आई पायरीवर बसली, जाकीट मांडीवर घेऊन.

"म्हणजे ते 'नाही' म्हणालेच नव्हते," ती म्हणाली. "वाफच होती ती. ते रागावलेच असतील मग."

धाकटीला फार वाईट वाटलं. खोटं उघडं पाडण्याच्या नादात आईच्या उशाखालची झोपच आपण काढून घेतली, हे तिला आत्ता कळलं. ती आईशेजारी बसली.

"आई, त्या सकाळी अण्णांजवळ मी होते. तू निघालीस आणि ते जागे झाले. मला विचारलं, 'ती घरी गेली का? बरं झालं. रात्रभर बसली होती. तिला जेवून झोपायला सांग.' आणि मग डोळे मिटले. रागाचा शब्दसुद्धा नव्हता."

आई तिच्याकडे वळली. "मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू कधी विचारलंच नाहीस. मला वाटलं, तो विषय निघाला की तुला त्रास होईल. आणि तू विचारत बसलीस गाडीला."

आई रडली, भरपूर रडली, आणि मग जाकिटाच्या बाहीने तिने डोळे पुसले.

सांगायचं ते इतकंच. खरं उत्तर याच घरात होतं, जिवंत माणसाच्या तोंडात होतं, फक्त विचारायचं बाकी होतं. आणि घरातली माणसं इतके दिवस एका भेगाळलेल्या रबराला कौल लावत होती. आवाज आला तर अवश्य ऐका. पण तो कुठून येतो ते बघा, इंजिन गार झाल्यावर झाकण उघडून बघा, आणि जो बघू नका म्हणतो त्याला आधी प्रश्न विचारा. ज्याला खरंच माहीत असतं, तो विचारणाऱ्यावर रागावत नाही.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच गॅरेजात आली. तिने पदर खोचला आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली. "आता ते झाकण कसं बघायचं, ते मला दाखव."