पाचवी चिठ्ठी

बाबांनी देशाला गुप्त मतदान दिलं आणि मग देशानं, गुप्तपणेच, बाबांना घरी बसवलं. घरी बसवलं म्हणून ते स्वस्थ बसतात थोडेच! त्यांनी स्वयंपाकघरात निवडणूक सुरू केली. उद्या भाजी कुठली, यावर रोज संध्याकाळी चिठ्ठ्या. मतदार चार: बाबा, आई, आत्या आणि मी. बाबांचा उमेदवार कोबी. तो रोज तीन विरुद्ध एक असा सपाटून आपटायचा.

आता त्या घराचं स्मारक होतंय. समितीचे अध्यक्ष रंगाऱ्याला घेऊन स्वयंपाकघरातल्या फडताळासमोर उभे होते. फडताळाच्या दारावर बाबांनी शाईनं लिहिलेला मजकूर आहे.

"यावर रंग मारायचा," अध्यक्ष म्हणाले.

"मारून तर बघा!" एकसष्टाव्या वर्षी मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"अहो ताई, शाळेची मुलं येणार इथे. त्यांनी काय वाचायचं? एवढ्या थोर माणसानं कोबीसाठी मत चोरलं?"

"हो. तेच वाचायचं."

झालं होतं असं, की एकदा आईनं डबा उघडला आणि चार माणसांच्या पाच चिठ्ठ्या निघाल्या. कोबीच्या दोन, दोन्ही बाबांच्या अक्षरात. बरं, चोरी करूनही हरलेच. आईनं डबा मिटून ठेवला. सकाळी दारावर कबुली होती: 'काल मी चोरून मत टाकलं. हरायचा कंटाळा आला, एवढंच कारण. हे कुणी पुसू नये.' मग त्यांनी आठ दिवस भांडी घासली आणि दोन बश्या फोडल्या.

बाबांचे पुतळे चौकाचौकांत आहेत. पण माझे बाबा मला या दारावरच भेटतात. ते झाकलं तर मलाही पुतळाच उरेल.

अध्यक्षांनी चष्मा चढवून मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला. पुन्हा वाचला. ते स्वतः तीन निवडणुका जिंकलेले. त्यांचे कान लाल झाले.

"तू आधी खिडक्या घे," ते रंगाऱ्याला म्हणाले. "हे दार राहू दे."

मग हळूच मला विचारलं, "नंतर कधी जिंकले का हो?"

"रोज. सात वर्षं. चार विरुद्ध शून्य. कोबीवरच्या त्यांच्या भाषणांनी आम्हाला पटलं, असं वाटायचं त्यांना."

"आणि खरं काय ते कुणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? मतदान गुप्त होतं."