दोरीपलीकडची हिरवळ

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, गोल्फच्या मैदानावर सहाव्या होलकडून सातव्याकडे जाणाऱ्या वाटेवरून, डावीकडच्या वाळलेल्या उतारावर एक हिरवं वर्तुळ दिसलं. मंगळवार होता. वर्तुळ आधी दिसलं ते ताईंना, आणि त्यांनी त्यावरून एवढंच अनुमान काढलं की क्लबच्या कुठल्या तरी पाइपाला गळती लागली आहे.

ताईंचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना लांबचं दिसावं म्हणून उभा जन्म खपलेल्या बाई, पण स्वतःचा चेंडू जरा दूर गेला की म्हणायच्या, "वहिनी, बघ गं कुठे पडला." वहिनी म्हणजे त्यांच्या भावाची बायको, दातांची डॉक्टर. ताई वहिनी म्हणतात म्हणून मैदानावर सगळेच तिला वहिनी म्हणत, अगदी सत्तरी ओलांडलेले सभासदसुद्धा. दर मंगळवारी आपापलं दुकान आणि दवाखाना उघडायच्या आत दोघी नऊ होल खेळून घेत. ज्याच्यामुळे हे नातं जुळलं तो गृहस्थ मात्र या खेळाकडे कधी फिरकला नाही. चांगला चेंडू आपणच लांब धाडायचा आणि मग आपणच तो शोधत हिंडायचं, यात शहाण्याने पडू नये असं त्याचं स्वच्छ मत होतं.

हा मंगळवार नेहमीसारखा नव्हता. दोन दिवसांनी, गुरुवारी, वहिनीच्या उजव्या हातावर शस्त्रक्रिया ठरली होती. अंगठ्याच्या बुडाशी एक लहानसं हाड असतं. लोकांच्या दाढा कोरता कोरता वहिनीचं ते हाड झिजून गेलं होतं आणि आता ते काढूनच टाकायचं होतं. सर्जनने तिला सगळं नीट समजावलं होतं. बरणीचं झाकण उघडता येईल, लिहिता येईल, किल्ली फिरवता येईल. गोल्फचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघू." वहिनीने हा शब्द स्वतः इतक्या रोग्यांना ऐकवला होता की त्याचा अर्थ तिला कोणी सांगायला नको होता. घरी तिने याची वाच्यता केली नाही. ताईंना मात्र पहिल्या होलवरच सांगून टाकलं, आणि ताई त्यावर आपला चेंडू मांडू लागल्या, ही गोष्ट तिला सर्जनच्या उत्तरापेक्षा जास्त लागली.

मैदान शंभराहून अधिक वर्षांचं. शहर वाढत वाढत त्याच्या कुंपणापर्यंत आलं होतं. चौथ्या होलवर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येई, पाचव्यावर वाळत घातलेल्या चादरी दिसत. पण कुंपणाच्या आत जुन्या झाडांची सावली अजून तिथेच पडे आणि चेंडू बरोबर लागला की होणारा तो एकच कोरडा आवाज अजून तसाच उमटत असे. त्या आवाजासाठी वहिनी इतकी वर्षं अंधारात उठत आली होती. महिन्यातून दोनदा तो ऐकू आला तरी तिचं भागत असे.

यंदा पाऊस झाला नव्हता. नगरपालिकेने बजावलं होतं की पाणी फक्त ग्रीनला घालायचं, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक छाटलेल्या हिरवळीला. बाकी मैदानाने पहिल्यांदाच पाण्यावाचून उन्हाळा काढला होता आणि ते पार पिवळं पडलं होतं.

"गळती नाही ही," वहिनी म्हणाली. "पाणी असं गोल गळत नाही."

दोघी थांबल्या. सूर्य नुकताच झाडांवर आला होता आणि उन्हाची तिरीप उतारावर आडवी पडली होती. वर्तुळ नीट आखल्यासारखं होतं. मग वर्तुळाच्या अलीकडे, पिवळ्यातही आणखी फिके असे तीन डाग दिसले, वाटीसारखे, एकाखाली एक. वहिनीला त्यांचा आकार ओळखीचा वाटला. वाळूचे खड्डे. बंकर. कुणीतरी कधी काळी ते बुजवले होते, पण खालची वाळू पाणी धरत नाही, म्हणून वरचं गवत आधी जळालं होतं. आणि वर्तुळाखालची माती खोल आणि कसदार, म्हणून तिथलं गवत अजून तग धरून होतं. तिने पायाखाली पाहिलं. वाटेला लागूनच एक सपाट चौकोन होता, रुंदीला दोन पलंगांएवढा, कडा सरळ. या चौकोनावरून ती दर आठवड्याला चालत गेली होती.

"ताई, आपण टीवर उभ्या आहोत," ती म्हणाली. टी म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा ती जागा.

"सातव्याची टी पुढे आहे."

"सातव्याची नाही. याची."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी सगळा उतार न्याहाळला. तो उतार, त्यावरची एका ओहोळाची कोरडी रेघ, ते तीन खड्डे आणि पलीकडे ती हिरवळ. एक अख्खा होल, कुणाच्याही आठवणीत नसलेला, जमिनीतून वर आला होता. ज्या घरात इतकी वर्षं राहिलो त्याला आणखी एक खोली आहे हे कळावं, तसं काहीसं वहिनीला वाटलं. आणि ती खोली कुणीतरी झाडूनपुसून ठेवलेली.

तेवढ्यात क्लबचे चिटणीस दोरीचं भेंडोळं आणि चार खुंट्या घेऊन तरातरा येताना दिसले. त्यांनी ते आदल्या संध्याकाळीच पाहिलं होतं. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना फोन झाला होता आणि शुक्रवारी ड्रोनने वरून फोटो घेणारा माणूस यायचा होता. तोवर उतारावर एकाही माणसाचं पाऊल पडता कामा नये, वाळलेल्या गवतावर बुटांचे ठसे उमटतात आणि फोटोत तेच दिसतात, असं त्यांनी सांगितलं. सांगता सांगता खुंट्या ठोकल्यासुद्धा. टीचा चौकोन दोरीच्या बाहेर राहिला, हिरवळ आत गेली.

वहिनीने एकदा खेळू द्या म्हटलं. चिटणीस नाही म्हणाले. तिने गुरुवारचं सांगितलं नाही. पण ताईंनी सांगितलं, आणि अंगठा, हाड, ते "बघू" सगळं असं भरभर सांगून टाकलं की चिटणीसांना कुठे पाहावं ते कळेना.

"वहिनी, पाय नको म्हणजे नको," ते शेवटी म्हणाले.

"पाय नाही हो. चेंडू."

"आणि चेंडू आणायला?"

"कोणी जायचं नाही."

"तुमचे पुढचे दोन दात हिने बसवलेत," ताई मध्येच म्हणाल्या. "त्यांना तरी जागा."

चिटणीस नको तिथे हसले आणि मग त्यांना नाही म्हणता येईना. एक चेंडू, ते म्हणाले. एकच. मागून येणारे चौघेजण एव्हाना गाडीचं चाक निखळल्यासारखे वाटेवरच थबकले होते. त्यांनाही थांबायची परवानगी मिळाली.

वहिनीने पिशवीतून पाच नंबरचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, काढला. अंगठ्यावरची पट्टी दाताने ओढून घट्ट केली. चौकोनावर उभी राहिली आणि हिरवळीकडे तोंड केलं. काहीतरी चुकत होतं. पाय चौकोनाच्या कडेशी जुळत नव्हते. ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा तेच.

"ताई, या कडेला नजर लावून बघा. ही रेघ कुठे जाते?"

ताई खाली वाकल्या. डोळ्यांसमोर आडव्या-उभ्या रेघा धरण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "हिरवळीवर नाही जात," त्या म्हणाल्या. "पार उजवीकडे. त्या उघड्या खडकाच्या जरा अलीकडे. वेड्यावाकड्या हाताने आखली असेल."

मागच्या चौघांपैकी एकजण म्हणाला की त्या काळी दोरी सैल धरली असेल. वहिनीने उताराकडे पाहिलं, नुसतं हिरवळीकडे नाही, सगळ्या उताराकडे, आणि मग तिला दिसलं. उजवीकडून जमीन वळत होती. डोळ्यांना जेमतेम कळेल अशी एक घडी खडकापासून निघून, तिन्ही खड्ड्यांना वळसा घालून, हिरवळीच्या पाठीशी पोचत होती. सरळ नेम धरणाऱ्यासाठी ते खड्डे होते. आणि ज्यांनी हे आखलं त्यांच्या हातात तेव्हा ना आजचे क्लब, ना आजचे चेंडू. हिरवळीवर चेंडू उंचावरून टाकणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून ते काम त्यांनी जमिनीकडे सोपवलं होतं आणि ते कसं करून घ्यायचं ते या चौकोनाच्या कडेत लिहून ठेवलं होतं. इतकी वर्षं कुणी वाचलं नाही, तरी ते तसंच होतं.

वहिनीने हिरवळीकडे पाठ वळवल्यासारखं केलं आणि खडकाच्या दिशेने उभी राहिली. "अगं, तिकडे काय आहे?" ताई पुटपुटल्या. पुढचं बोलायच्या आत क्लब वर गेला होता.

तो आवाज झाला.

चेंडू खडकाच्या अलीकडे टेकला, एकदा उसळला आणि जवळजवळ थांबला. कुणीतरी मागे हळहळलं. मग तो हलला. आधी इतका सावकाश, की हलतोय की डोळे फसवताहेत ते कळेना. मग डावीकडे वळला. घडीतून खाली घरंगळत पहिला खड्डा चुकवला, दुसरा चुकवला, तिसऱ्याच्या काठावरून गेला, जणू रोजची वाट असावी तसा, आणि हिरवळीत शिरला. पिवळ्यावरून हिरव्यात जाताना तो क्षणभर जास्तच पांढरा दिसला. मधल्या उंचवट्यावर चढला, रेंगाळला आणि पलीकडच्या खोलगट भागात उतरून दिसेनासा झाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चौघांपैकी ज्याने सैल दोरीचं काढलं होतं त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती आणि ती पुन्हा घालायची त्याला शुद्ध नव्हती. चिटणीस दोरीपाशी, एक पाय उचललेल्या अवस्थेत उभे होते. तो त्यांनी मागे घेतला. वहिनीला आता कुठे अंगठा ठणकायला लागला. फटक्याच्या वेळी तो दुखला की नाही, हे तिला आठवेना.

"भोक कुठे होतं पण?" ताईंनी विचारलं. "भोकच नाही, तर संपला असं कधी म्हणायचं?"

वहिनीने क्लब पुसून पिशवीत ठेवला.

गुरुवारी हाड काढलं. सर्जन म्हणाला, ठरल्याप्रमाणे झालं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, मग बघू. शुक्रवारी फोटो घेणारा आला, पण ढगांमुळे त्याला दुपारपर्यंत खोळंबावं लागलं. संध्याकाळी चिटणीसांनी ताईंना फोटो पाठवला आणि ताई तो घेऊन वहिनीच्या इस्पितळातल्या खोलीत आल्या, दुकानातलं भिंग पिशवीत घालून. वहिनीचा नवरा खुर्ची ओढून जवळ बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने गोल्फच्या मैदानाकडे निरखून पाहिलं. वरून सगळं एका नजरेत कळत होतं: टी, घडी, खड्डे, हिरवळ. उंचवट्यापलीकडे मात्र सावली होती. सावलीत एक फिकट ठिपका होता. ताई म्हणाल्या चेंडू, नवरा म्हणाला दगड. भिंग दोनदा हातोहात फिरलं.

वहिनीने डाव्या हाताने फोन मागून घेतला आणि चिटणीसांना एका बोटाने निरोप लिहिला. तो असा: "दोरी सुटली तरी चेंडू उचलू नये. माझा दुसरा फटका बाकी आहे."

निरोप पोचल्याची खूण आली. बाहेर आभाळ भरून आलं होतं; पाऊस पडला की उतार पुन्हा एकसारखा हिरवा होणार होता. चिटणीसांचं उत्तर अजून आलेलं नाही.