बरणीतला वरचा थर

मर्लने घर सोडलं तेव्हा तीन गोष्टी नेल्या: मासेमारीची होडी, कुत्रा आणि माझी पावडरची बरणी. होडीचं मला काही नव्हतं. कुत्रा त्याच्यासारखाच आळशी, दोघांचं छान जमेल म्हटलं. बरणी मात्र माझी होती.

पावडर म्हणजे बंदुकीची दारू. मिझुरीतल्या आमच्या नेमबाजीच्या क्लबात स्पर्धेची काडतुसं दुकानातून कोणी आणत नाही. घरीच भरतात. रिकामी पुंगळी घासायची, तळाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मोजून पावडर घालायची, वर गोळी दाबायची. मी बावीस वर्षं एकाच जातीची पावडर वापरली. कंपनीने ती बंद केली तेव्हा माझ्याकडे एक मोठी बरणी शिल्लक होती, आणि तीच याने उचलली.

बरं, नेली तर नेली, गप्प तरी बसावं. तो क्लबात सांगत सुटला, "व्हर्ना नुसता चाप ओढायची. काडतुसं भरायचो मी." बावीस वर्षं गॅरेजातल्या बाकावर पाठ मोडून मी बसले आणि हा टीव्हीपुढे लोळला. पण शनिवारी खोके उचलून क्लबात न्यायचा तो, गप्पा ठोकायचा तो, आणि मी मुळातच कमी बोलणारी. आयत्या बिळावर नागोबा. लोकांना त्याचंच खरं वाटायचं. मर्लशिवाय हिची पहिली स्पर्धा एप्रिलमध्ये, तेव्हा बघू हिची काडतुसं कशी चालतात, असं माझ्या तोंडावर बोलून झालं होतं. मला सगळ्यात झोंबत होतं ते हेच. नवरा गेल्याचं मी सोसलं असतं, पण हातचं काम त्याच्या नावावर जाताना बघवत नव्हतं.

म्हणून मार्चच्या शेवटी मी नवी पावडर काढली. अर्ध्या किलोहून जरा कमी असा छोटा डबा, ऑक्टोबरमध्ये आणलेला. तेव्हा जेमतेम दहा काडतुसं भरून बाजूला ठेवला होता. आता नीट सुरुवात केली. सगळ्यात कमी मापाने पाच भरायची, मैदानावर जाऊन वेगमापकावरून झाडायची, पुंगळ्या उचलून कुठे फुगल्या-चिरल्या नाहीत ना ते उन्हात धरून बघायचं, मग माप केसभर वाढवून पुन्हा पाच. बर्फ अजून वितळलं नव्हतं, बोटं बधिर झाली. पण चौथ्या फेरीला पिस्तूल हातात असं शांत बसलं की मी एकटीच मोठ्याने हसले. इतकी चांगली पावडर मी वर्षानुवर्षं का टाळली कोण जाणे.

घरी येऊन उरलेली किती ते वहीत लिहायला डबा तराजूवर ठेवला. जवळजवळ अर्धा रिकामा निघाला.

दहा काडतुसं तेव्हाची, वीस आजची. एवढ्याने चिमूटभर कमी व्हावी. बाकीची गेली कुठे? मी स्टुलावर बसले आणि हळूहळू आठवलं.

ऑक्टोबरचा तो दिवस. काडतुसं भरायच्या यंत्राच्या डोक्यावर पावडरची नळी असते, ती मी नव्या पावडरने काठोकाठ भरली होती. दाणा ताडून बघायला जुनी बरणीही खाली काढली होती. पहिल्याच दिवशी नवशिक्याला शिकवतात, बाकावर एका वेळी एकच पावडर, आणि माझ्या बाकावर दोन होत्या. तेवढ्यात मर्ल बूट घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी चाललो." खूप काही बोलणं झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही. तो ट्रकमध्ये सामान भरत असताना मी सवयीने नळी रिकामी केली, कारण नळीत पावडर ठेवायची नसते. समोर जे तोंड उघडं होतं त्यात ओतली. मोठ्या बरणीत.

जुनी पावडर सावकाश जळणारी, तिचं माप मोठं. नवी झपाट्याने जळते, तिला निम्मं पुरतं. जुन्या मापाने नवी भरली तर पिस्तूल हातातच फुटतं. बोटं जातात, कधी डोळा.

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. अर्धा मिनिट असेल, पण मनापासून बरं वाटलं. मग फोन उचलला.

"काय गं?"

"त्या बरणीतून काही भरलंस का?"

"दोनशे. शनिवारच्या स्पर्धेसाठी. नवं यंत्र घेतलंय. का, जळलीस?"

"ती झाडू नकोस. त्या बरणीत नवी पावडर पडलीय. माझ्या हातून. वरचा सगळा थर तिचाच आहे."

तो खदाखदा हसला. "वा, बाईसाहेब! सहा महिने बरणी दे, बरणी दे म्हणून झालं, आता ही युक्ती?"

"मला नको ती. फेकून दे."

"हो ना, मी फेकतो आणि तू कचऱ्यातून उचल! माप बरणीवर लिहिलंय, त्या मापाने भरलीत. बावीस वर्षं हेच करतोय मी. माझी पावडर मला तू शिकवणार?"

"लिहिलेलं अक्षर कुणाचंय, गाढवा?"

फोन बंद. मग तीनदा लावला, त्याने उचलला नाही.

शनिवारी सकाळी अंडी तव्यावर करपेपर्यंत मी उभीच होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. काही बोलले नाही तर लोक म्हणतील मर्लने माप चुकवलं. माझी चूक कुणाला कधीच कळणार नाही. बोलले तर मात्र क्लबात पुन्हा तोंड दाखवायची सोय नाही. स्पर्धेसाठी भरलेली काडतुसं, नवा डबा आणि तराजू पिशवीत टाकले आणि शिव्या देत गाडी काढली.

स्पर्धा घेतात ओरिन पॉट्स, वय ऐंशीच्या पुढे. सुरुवातीला सगळ्यांना गोळा करून सुरक्षेचे नियम वाचतात आणि शेवटी विचारतात, "कुणाला काही सांगायचंय?" त्यावर आजवर कुणी डोनट संपलेत यापलीकडे काही सांगितलेलं नाही. मी हात वर केला.

"मर्लची काडतुसं धोक्याची आहेत. बाकावर दोन पावडरी होत्या. नळी मी चुकीच्या बरणीत रिकामी केली."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाकावर दोन?" आवाजात अशी किळस, जणू मी त्याच्या कॉफीत थुंकलेय. माझे कान तापले.

मर्लला तर सणच. "ऐकलंत? मी काय सांगत होतो? आणि हे नाटक कशासाठी, तर बरणी परत हवीय!"

ओरिन म्हणाले, "नियम आहे, मर्ल. धोक्याची म्हटलं की फोडून बघायची. खोकं आण."

हा नियम त्यांच्या मेव्हण्याचा डोळा गेला तेव्हापासूनचा. खोक्यातून पाच काडतुसं त्यांनी स्वतः निवडली, गोळ्या उपसल्या आणि आतली पावडर डोनटच्या कागदी ताटलीत ओतली. चपट्या टिकल्या. मध्येच कुठेतरी एखादा गोल दाणा. शेजारी मी माझ्या डब्यातली चिमूट टाकली. तीच. एका काडतुसातली तराजूवर घातली, तर माझ्या मापाच्या दुप्पट भरली.

"पहिल्याच चापाला पिस्तूल गेलं असतं," ओरिन म्हणाले.

मर्लचा चेहरा पांढरा पडला, पण तोंड थांबेना. "मेलो असतो मी! हिच्यापायी! आणि म्हणे काडतुसं ही भरायची! हिला साधी नळी रिकामी करता येत नाही!"

सगळे माझ्याकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. नळी मीच ओतली होती.

ओरिन अजून काडीने ताटलीतली पावडर चाळवत होते. वर न बघता म्हणाले, "मर्ल, तुमची जुनी पावडर दिसते कशी?"

"कशी म्हणजे? पावडरसारखी. काळी."

"दाणा कसा?"

मर्लने ताटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग पुन्हा ताटलीकडे.

"चपटा," तो म्हणाला. "असाच."

"गोल असतो," ओरिन म्हणाले. "खसखशीसारखा. माझ्याकडेही होती ती." त्यांनी काडी खाली ठेवली. "दोनशे भरलीस आणि दिसलं नाही तुला? बावीस वर्षं भरत होतास ना?"

मघाशी 'बाकावर दोन' म्हणणारा आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते कुणी बघू नये म्हणून मी तराजू पुसत बसले.

"आणि तू, व्हर्ना," ओरिन म्हणाले.

"हो."

"आज तू खेळायचं नाहीस. तुझीही सगळी फोडायची. दोन पावडरी बाकावर ठेवणाऱ्याचं एकही काडतूस मी मैदानात जाऊ देणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

छपराखाली लाकडी टेबलाच्या दोन टोकांना आम्हाला बसवलं आणि क्लबाचे दोन हातोडे दिले. या हातोड्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि ठोकळ्यावर आपटायचं, की गोळी सुटते. तिकडे स्पर्धा सुरू झाली. इतरांच्या पिस्तुलांचे आवाज येत होते. माझी एकेक फोडून मी पावडर ताटलीत ओतत होते, आणि येणारा-जाणारा वाकून बघत होता. सगळी चपटी, सगळी एका मापाची.

दुसऱ्या टोकाला मर्ल घाम गाळत ठोकळ्यावर हातोडा आपटत होता. दहा घाव झाले, पंधरा झाले, त्याची पहिली गोळीसुद्धा निघेना. काडतूस त्याने उलटं अडकवलं होतं. मी पाहिलं आणि माझं पुढचं काडतूस उचललं.